'इतर' रकान्यातल्या बायका

मृत्युनोंदणी कार्यालयात सोमवारी सर्वांत जास्त कागद येतात. शनिवार-रविवारी माणसं जास्त मरतात असं नाही, कचेरी बंद असते एवढंच. खिडकीजवळच्या टेबलावर बसणारी कारकून नऊ वर्षं हे काम करत होती. घरात ती धाकटी सून, म्हणून आपणही तिला धाकटीच म्हणू. मृत्यूचे दाखले उघडायचे, कारण वाचायचं आणि मोठ्या तक्त्यात योग्य त्या रकान्यात मांडायचं, हे तिचं काम. हृदयविकाराचा रकाना वेगळा, अपघाताचा वेगळा, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा वेगळा. अगदी उजवीकडे, ज्याचं काहीच नीट लागत नाही त्याच्यासाठी, 'इतर'.

बायकांच्या दाखल्यांवर एक कारण फार वेळा असायचं: पोटाचा विकार. कारण असं मोघम असेल तर घरच्यांना बोलावून खुलासा घ्यावा, असा नियम होता. नोकरीच्या पहिल्याच वर्षी धाकटीने एका म्हाताऱ्या शिंप्याला तसं बोलावलं होतं. बायको नेमकी कशाने गेली, हे विचारल्यावर तो टोपी हातात धरून नुसता रडत राहिला. धाकटीला भरून आलं. तिने त्याला पाणी दिलं, घरी पाठवलं आणि त्या दिवसापासून ठरवून टाकलं, दुःखातल्या घराला पुन्हा त्रास द्यायचा नाही. पोटाचा विकार दिसला की सरळ 'इतर'. तिचं मन फार मऊ आहे असं कचेरीत सगळे म्हणत, आणि तिला ते ऐकायला आवडायचं.

त्या सोमवारी साहेब हातात परिपत्रक घेऊन आले. कचेरीत त्यांना मागे टक्केसाहेब म्हणत, कारण बायकोला ताप आला तरी ते तो टक्क्यांत सांगत.

"ऐका! गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा देशातला दर दहा वर्षांत निम्म्यावर आलाय. आणि आपल्या गावचा गेल्या तीन वर्षांचा आकडा माहितीये? शून्य! वरून शाबासकी आलीय."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, धाकटीनेही. परिपत्रकाच्या शेवटी आणखी एक ओळ होती. जिथे आजार उरलेला नाही तिथली तपासणीची गाडी बंद करून दुसरीकडे वळवण्यात येत आहे. ती ओळ साहेबांनी घाईघाईत वाचली.

संध्याकाळी भांडी पुसताना थोरल्या जावेने सहज विचारावं तसं विचारलं, "ती बायकांची गाडी आता कधी यायचीय गं?"

"आता नाही यायची ताई. बंद केली. आपल्याकडे तो आजार राहिलाच नाही म्हणे."

"हो का?" थोरली म्हणाली आणि तेच ताट पुन्हा पुसत राहिली. "बरं झालं की मग."

ते ताट आधीच कोरडं होतं, हे धाकटीला फार उशिरा आठवलं.

थोरली साधी बाई नव्हती. आल्यागेल्याची नक्कल करून घर हसवणारी, नवऱ्याच्या रागाला "सायरन वाजला" म्हणणारी. पण अंगावरून जायला लागल्याचं तिने कुणाला सांगितलं नाही. गावात डॉक्टर एकच, तोही नवऱ्याचा बालमित्र. त्याच्यासमोर कशी जाणार? गाडीतली नर्स परक्या गावची होती, बाजारामागे गाडी उभी राहायची, भाजीची पिशवी घेऊन आत गेलं तर कुणाच्या ध्यानात यायचं नाही. थोरली त्या गाडीची वाट बघत होती.

चौदा महिन्यांनी एका दुपारी धाकटीला न्हाणीघरात झाकून ठेवलेली बादली सापडली. कापडं भिजत घातली होती. पाण्याचा रंग आणि तो वास, दोन्हीवरून तिला काय ते कळलं.

"किती दिवस झाले ताई?"

"ओरडू नकोस. दीड वर्ष."

"दीड वर्ष! अहो, मला सांगायचं तरी!"

"काय सांगू? लोक काय म्हणतात ते तुला ठाऊक नाही? चाल धड नसलेल्या बाईला होतं म्हणतात. पोरीचं लग्न आत्ताच ठरलंय. मी तोंड उघडलं तर तिच्याकडे बघतील."

इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट सांगितलीच पाहिजे. हा आजार बहुतेक वेळा एका विषाणूमुळे होतो, आणि तो संसार करणाऱ्या जवळजवळ कुणाही बाईच्या वाट्याला येऊ शकतो. त्याचा चालीशी काडीचा संबंध नाही. पण हे जिने ऐकायला हवं होतं तिला दीड वर्षात कुणी सांगितलं नाही. ज्यांना माहीत होतं ते आकडे मोजत बसले होते.

शहरातल्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी कागद खाली ठेवले. "आता फक्त त्रास कमी करता येईल. दीड वर्षापूर्वी साध्या तपासणीत सापडलं असतं, तर बऱ्या होऊन घरी गेल्या असत्या."

थोरलीचा नवरा, धाकटीचे मोठे भावजी, सगळ्यांच्या आधी जिन्यात आले. तिथे त्यांनी सगळ्यांना थांबवलं. "पोटाचा विकार आहे. कुणीही विचारलं तरी एवढंच सांगायचं. लग्न दोन महिन्यांवर आलंय." आपल्या मुलीकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.

मग थोरली कॉटवर पडली आणि घर हळू बोलायला लागलं. शेजारणी आल्या की खिडक्या उघडायच्या, अत्तर शिंपडायचं, चादर हनुवटीपर्यंत ओढायची. वेदना अनावर झाल्या की ती उशीचा कोपरा दातांत धरायची, कारण पुढच्या खोलीत मुलीच्या होणाऱ्या सासरची माणसं बसलेली असायची. एवढी मोठी बाई आपल्याच घरात चोरासारखी मरत होती, आणि सगळे तिला साथ देत होते.

एका दुपारी तिचं अंग पुसताना धाकटीचा बांध फुटला.

"ताई, गाडी माझ्यामुळे बंद झाली. शून्य आलं ना, ते मी लिहिलं होतं. सगळ्यांना मीच 'इतर'मध्ये टाकलं. मला वाटलं, कशाला त्या घरांना दुखवायचं..."

धाकटीला वाटलं, आता ती तोंड फिरवणार.

"एवढं मोत्यासारखं अक्षर तुझं," थोरली म्हणाली, "आणि लिहिलंस काय, तर इतर!" तिला हसायचं होतं, पण कळ आली. ती ओसरल्यावर तिने धाकटीचं मनगट धरलं. "मला नको हं टाकू तिकडे. आयुष्यभर मी कुणाची ना कुणाची बायको नाहीतर आई. मेल्यावर तरी मला माझ्या जागी लिही."

गुरुवारी दुपारी ती गेली.

सोमवारी दाखल्यांच्या गठ्ठ्यात चौथा कागद तिचा होता. बालमित्र डॉक्टरांची सही होती. कारण: पोटाचा विकार. धाकटीने तो कागद बाजूला ठेवला. बाकीचं सगळं काम संपवलं. मग खणातून खुलाशाची छापील नोटीस काढली आणि त्यावर स्वतःच्याच घराचा पत्ता लिहिला.

मंगळवारी रात्रीच्या जेवणावर भावजींनी ती नोटीस ताटाशेजारी आपटली. "एका टेबलावर जेवतो आपण, आणि मला नोटीस? लाज नाही वाटत?"

"वाटते भावजी. नऊ-दहा वर्षांची वाटते."

"अगं, जरा दमानं घे," तिचा नवरा पुटपुटला. "लग्न तेवढं होऊ दे."

"लग्नानंतर तिची सासू आजारी पडली तर तेही लपवायचं, मग नणंदेचं, मग हिचं स्वतःचं. थांबायचं कुठपर्यंत?"

"मी येणार नाही," भावजी म्हणाले. "आणि मी सांगेपर्यंत या घरातलं कुणी येणार नाही."

नोटिशीची मुदत आठ दिवसांची. सात दिवस कुणी आलं नाही. धाकटी रोज तो कागद उघडायची आणि परत ठेवायची. मुदत संपली की तो कागद नियमाने 'इतर'मध्ये जाणार होता, आणि तिला स्वतःच्या हाताने तो मांडावा लागणार होता.

आठव्या दिवशी कचेरी बंद व्हायला दहा मिनिटं असताना खिडकीसमोर पुतणी उभी राहिली. तिच्या हातात इस्पितळाची फाईल होती. बाबांच्या कपाटातून काढली होती, हे तिने न विचारता सांगितलं.

"काकू, सही कुठे करायची?"

"तुझ्या सासरी..."

"सकाळी मीच जाऊन सांगितलं. विचार करून कळवतो म्हणाले." तिने फाईल खिडकीतून आत सरकवली. "करू देत विचार. पुढच्या आठवड्यात मला तुझ्याबरोबर शहरात ने. मला माझ्या लसीचं आणि तपासणीचं विचारून घ्यायचंय. आईसारखी गाडीची वाट बघत नाही बसणार मी."

सही झाली. धाकटीने चार वर्षं मोकळ्या राहिलेल्या रकान्यात एक आकडा लिहिला. टक्केसाहेब मागे येऊन उभे होते. "बाई, मला वाईट वाटतं. पण एकाने काय होणार? देशाच्या दरात दिसणारसुद्धा नाही."

"एक नाहीये साहेब," धाकटीने भिंतीलगतच्या कपाटाकडे बोट केलं. "तिथे दहा वर्षांचे गठ्ठे आहेत."

तिने रोज पाच नोटिसा लिहायला सुरुवात केली. काही दारं उघडली नाहीत. एका घरातून शिव्या आल्या. लग्नाचं अजून काही कळलेलं नाही, भावजी तिच्याशी बोलत नाहीत, आणि बाजारामागची गाडीची जागा अजून रिकामी आहे.

पहिली नोटीस तिने म्हाताऱ्या शिंप्याला पाठवली होती. तो आला तो काठी टेकत, टोपी हातात धरून. धाकटीने मान खाली घालून विचारलं, "आजोबा, तुमच्या पत्नी नेमक्या कशाने गेल्या?"

त्याने एका दमात सगळं सांगितलं. आजाराचं नाव, किती महिने, शेवटचे दिवस कसे गेले तेही. तो कागद पुरा होईपर्यंत थांबला. मग म्हणाला, "त्या दिवशीही मी सांगणारच होतो, बाई. जरा रडून घेत होतो. तेवढ्यात तुम्ही मला घरी पाठवलंत."