दुसऱ्या बाटलीवरचा फुगा

दुसऱ्या बाटलीवरचा फुगा फुगायला नको होता. तो मस्त टरारला होता, आणि मॅडम माझ्याकडे अशा बघत होत्या की जणू मीच त्यात तोंडाने हवा भरली.

प्रयोग तसा सोपा. दोन बाटल्या, दोन्हींत कोमट पाणी, साखर आणि यीस्ट. पहिलीतलं यीस्ट जिवंत. ते साखर खाणार, वायू सोडणार आणि बाटलीच्या तोंडावरचा फुगा फुगवणार. दुसरीतलं आधी उकळून मारायचं, म्हणजे तो फुगा लोळतच राहणार. शनिवारी मांडायचं, सोमवारी बघायचं. यीस्टचं नाव निघाल्यावर वर्गातली पोरं माझ्याकडे बघून हसली होती, कारण बावीस वर्षं मी आमच्या बेकरीत पीठ मळतेय. माशाच्या पिल्लाला कुणी पोहायला शिकवतं का?

पण मला पास होणं भाग होतं. पिठाची धूळ छातीत बसली होती, डॉक्टरांनी भट्टी सोडा म्हणून दोनदा बजावलं होतं. रक्त तपासण्याचा एक कोर्स होता, आणि जीवशास्त्राची ही पहिली परीक्षा सुटल्याशिवाय तिथे प्रवेश नव्हता. चव्वेचाळिसाव्या वर्षी मी पोरांच्या बाकावर बसले ती याचसाठी. आमच्या ह्यांना हे सगळे थेर वाटायचे. तोंडाला फडकं बांध, एवढंच त्यांचं वैद्यक.

मॅडम शांतपणे म्हणाल्या की मी यीस्ट उकळलंच नसणार. माझं डोकं तापलं. चांगलं दहा मिनिटं उकळलंय, शेजारच्या चष्मेवालीला विचारा, असं मी सांगितलं. चष्मेवालीने घाबरत मान डोलावली.

"मग मेलेलं यीस्ट उठून बसलं का?" मॅडमनी विचारलं. "पहिल्या तासाला काय शिकलो आपण?"

"जिवापासूनच जीव येतो."

"मग हा कुठून आला ते उद्या दुपारपर्यंत दाखवा. गुण तेव्हाच पाठवायचेत."

माझी पाचावर धारण बसली. बाकावर बसून मी शनिवारचं एकेक काम हात हलवून पुन्हा करून पाहिलं. यीस्ट उकळलं. थंड केलं. साखर घातली. ढवळलं. कशाने ढवळलं? माझा हात आपसूक ॲप्रनच्या खिशात गेला होता, आणि तिथे होता माझा लाकडी चमचा.

सगळ्यांना काचेची कांडी दिली होती. पण बेकरीत माझ्या चमच्याला दुसरं कुणी हात लावत नाही आणि मी दुसऱ्याच्या चमच्याने काही ढवळत नाही. बावीस वर्षांची सवय. शनिवारी भट्टीवरून थेट वर्गात आले होते. चमच्याला एक चीर आहे, आणि त्या चिरेत आंबवलेलं पीठ वाळून घट्ट बसलेलं, जिवंत यीस्टसकट. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मला इतका आनंद झाला की आपण नापास होतोय हेही मी विसरले. धावत जाऊन चमचा मॅडमच्या नाकासमोर धरला.

म्हणणं वेगळं आणि दाखवणं वेगळं, असं त्या म्हणाल्या. मग मी दोन नव्या बाटल्या मांडल्या. दोन्हींतलं यीस्ट त्यांच्यासमोर खळखळून उकळलं. थंड झाल्यावर एक काचेच्या कांडीने ढवळली, दुसरी माझ्या चमच्याने. फुगे मॅडमनी स्वतः बांधले, बाटल्या उबेच्या कपाटात ठेवल्या आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे मला बेकरीत न्यायला स्कूटर घेऊन आले होते. भट्टी पेटलीय, चल लवकर, असा धोशा लावून माझ्या मागोमाग आतच शिरले. मॅडमनी कपाट उघडलं. कांडीच्या बाटलीवरचा फुगा मान टाकून पडला होता. चमच्याचा फुगा ताठ उभा होता. मी टाळ्याच वाजवल्या, चष्मेवालीनेही वाजवल्या.

मॅडमनी आधी चमच्यावरून मला चांगलं झापलं आणि स्वच्छतेचे दोन गुण कापले. बाकीचे सगळे दिले. मग त्या बाटलीतला एक थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला आणि मला खुर्ची दिली.

गोल, पारदर्शक, कितीतरी. एकाच्या कुशीतून दुसरा छोटा गोल बाहेर निघत होता, अजून आईला चिकटलेला. बावीस वर्षं मी यांना ऊब दिली, खाऊ घातलं, यांच्या जिवावर घर चालवलं, आणि तोंड आज पाहिलं. माझ्या डोळ्यांना पाणी आलं आणि समोरचं सगळं अंधुक झालं.

मी ह्यांना खुर्चीत बसवलं. स्कूटरची किल्ली हातात तशीच धरून ते बराच वेळ डोळा लावून राहिले. मला खोकल्याची उबळ आली, तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली.

"कोर्सचा फॉर्म आजच भर," ते म्हणाले. "पीठ मी मळतो."