कुणी पाहिलं नसतं तरी

“आई, थांब! हात ट्रॉलीला लागला तुझा. पुन्हा घेऊ या,” लेक मोबाइलमागून म्हणाली.

मॅडमनी पाहिलं. खरंच, करंगळी ट्रॉलीच्या कडेला घासली होती. नर्सिंग कॉलेजात एकतीस वर्षं शिकवलेलं. ड्रेसिंग तर त्यांनी डोळे मिटून केलं असतं. पण समोर कॅमेरा आला आणि वॉर्डात नव्यानं आलेल्या पोरीसारखी नजर ट्रॉली सोडून मोबाइलकडे जाऊ लागली.

नवा नियमच तसा होता. धडा मुलींनी घरी व्हिडिओवर बघायचा, वर्गात यायचं ते हात चालवायला. “मोबाइलवर बघून कुणी पोहायला शिकलंय का?” म्हणत मॅडमनी दोन महिने चालढकल केली. शेवटी प्राचार्य म्हणाल्या, “पाण्यात तुम्हीच ढकलायचंय, बाई. व्हिडिओ नुसता काठ आहे.” मग मॅडमनी लेकीच्या हाती मोबाइल दिला.

“कापून टाकते तेवढं,” लेक म्हणाली. “कुणाला कळायचंही नाही.”

“मला कळलंय ना. चालू ठेव.”

कॅमेऱ्याकडे बघून त्या म्हणाल्या, “हात लागला. कुणी पाहिलं नसतं तरी लागला. हे ग्लोव्हज आता निर्जंतुक राहिले नाहीत, गेले.” ते उतरवून, हात धुऊन त्यांनी नवे घातले आणि ड्रेसिंग पुरं केलं.

स्टाफरूममध्ये कुजबुज झाली. शिकवणाऱ्यानंच चुकायचं, तेही जगजाहीर! मॅडमनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. वर्ग मात्र पालटला. पूर्वी अर्धा तास वह्यांतच जायचा आणि ट्रॉली पुढच्या बाकांपुरतीच उरायची. आता मागच्या बाकावरच्या अबोल मुलीचाही नंबर लागला, आणि तिचे हात चक्क सफाईनं चालले.

“कितीदा बघितलास गं?”

“अकरा वेळा. व्हिडिओला ‘पुन्हा सांगा’ म्हणायला लाज नाही वाटत, मॅडम.”

मॅडमना ते लागलं. त्या दिवसापासून त्या वर्गात प्रत्येक गोष्ट न विचारता दोनदा करून दाखवू लागल्या.

महिन्याभरानं वॉर्डात तीच मुलगी एका आजोबांच्या पायाचं ड्रेसिंग करत होती. शेजारी मोठे डॉक्टर उभे. त्यांच्या रागाला सिस्टर लोकही टरकून असत.

“आटपा. अजून पंधरा पेशंट आहेत.”

मुलीचं बोट चादरीला निसटतं लागलं. डॉक्टर कागद चाळत होते. पाहिलं ते फक्त मागे उभ्या असलेल्या मॅडमनी. त्या बोलणार, तोच मुलीचा हात थांबला. कान लाल झाले होते.

“सर, हात लागला. ग्लोव्हज बदलते.”

“कुठे लागला? मला नाही दिसलं.”

“तरी लागला, सर.”

डॉक्टरांनी तिच्याकडे क्षणभर रोखून पाहिलं, मग कागद मिटले आणि हाताची घडी घालून उभे राहिले.

मुलीनं ग्लोव्हज उतरवले, हात स्वच्छ केले. तोवर मॅडम पुढे झाल्या होत्या. त्यांनी नवं पाकीट फोडलं आणि मदतनिसासारखं, आतल्या कागदाला बोट न लावता, तिच्यापुढे धरलं.

पाकीट कुणी धरलंय हे मुलीनं मान वर करून पाहिलंही नाही. तिची नजर जखमेवर होती.