चार अंश म्हणे!

मी बोलतेय, फ्रीजमध्ये लोणी आणि भाजीच्या मधोमध बसलेली एक चिमुकली डबी. आत किती थंड आहे ते टिपत राहायचं, एवढंच माझं काम. पण स्वभावाने मी भलती चौकस. दार उघडलं की माझं सगळं लक्ष बाहेर!

माझा जन्म कारखान्यातला, पण मला कामाला लावलं ते प्रयोगशाळेतल्या बाईंनी. पूर्वी तिथे अन्न तपासताना एकच प्रश्न असायचा: जंतू आहेत की नाहीत? बाईंना तेवढ्याने चैन पडेना. किती आहेत, घरी नेल्यावर किती वाढतील, खाणारा धडधाकट की नाजूक, असे त्यांचे प्रश्न. या सगळ्याचं गणित मांडून त्या धोका किती ते सांगायच्या.

तेव्हा मऊ चीजच्या पाकिटावर किती दिवसांची मुदत छापायची, ते ठरत होतं. त्यात कधीकधी एक जंतू सापडतो. तो थंडीतही हळूहळू वाढतो आणि पोटातल्या बाळाच्या जिवावर उठतो. गणितात फ्रीजचं तापमान धरलं होतं चार अंश. कुठून आणलं? फ्रीजबरोबर मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेतून!

"साहेब, घरोघरी एवढं थंड असतं का? कुणी पाहिलंय?" बाईंनी विचारलं.

"मग बघा की," साहेब म्हणाले.

म्हणून माझी आणि माझ्या भावंडांची घरोघर रवानगी झाली. पहिल्याच घरी फजिती. तपासणी आहे म्हटल्यावर मालकीणबाईंनी फ्रीज लखलखीत केला आणि बटण पार टोकाला फिरवलं. मी तर गारठलेच! असल्या आकड्यांचा काय उपयोग?

मग बाईंनी तपासणीचा शब्दही न काढता भावंडांना घरोघर ठेवलं, आणि मला गुपचूप स्वतःच्याच फ्रीजमध्ये. तिथे रोज दुपारी त्यांचे वडील यायचे, इकडेतिकडे बघायचे आणि बटण हळूच मागे फिरवायचे. संध्याकाळी बाईंची पोटुशी लेक येऊन आवडीने चीज खायची. ओरडून सांगावंसं वाटे, पण मला तोंड कुठे आहे?

बाईंनी माझे आकडे पाहिले. दहा अंश! सगळ्या घरांत सर्वात गरम फ्रीज त्यांचाच. त्यांनी चीज फेकलं, लेकीला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, काही आठवडे लक्ष ठेवावं लागेल.

"बाबा, बटणाला हात का लावता हो?"

"अगं, गार पाण्याने दात ठणकतात माझे. चीजचं मला काय ठाऊक?"

बाबांची पाण्याची बाटली टेबलावर गेली. दार उघडलं की मी एकेकाचा चेहरा न्याहाळायचे.

"लोकांना सांगू ना, फ्रीज नीट थंड ठेवा म्हणून," साहेब म्हणाले.

"सांगूच. पण ते ऐकतील असं धरून मुदत नको. माझ्याच घरी..." त्यांनी चार खोडून घरोघरचे खरे आकडे घातले. मुदत निम्म्याहून कमी झाली.

आता माझा सेल संपत आलाय. पण परवा माझ्याशेजारी दुधाची एक इवलीशी बाटली येऊन बसली. दार उघडलं की रडणं ऐकू येतं, अगदी खणखणीत! तेव्हापासून मला राहवत नाही. कुणीतरी बाईंच्या नातीला कडेवर घेऊन फ्रीज उघडा हो. मला ती एकदा बघायचीय.