दोन सुतांचा फरक

सिद्धारामची गाडी मुळात साधीभोळी स्टँडर्ड हेराल्ड होती. बापाचं कापडाचं दुकान, पोराला शर्यतीचं वेड. त्यानं तिचं छप्पर कापलं, मागची सीट काढून फेकली आणि पुढच्या स्प्रिंगा कापून नाक जमिनीला टेकवलं. हे चौऱ्याहत्तर साल. पेट्रोल इतकं महागलं होतं की भले भले सायकलवर आले होते, आणि हा पठ्ठ्या मद्रासकडच्या शर्यतीत धावायला निघालेला. स्प्रिंगा कापल्यामुळं पुढची दोन्ही चाकं वरून आत कलली. महिन्याभरात टायर आतल्या कडेनं गुळगुळीत झाले. मग स्वारी सोलापूरच्या भवानी पेठेत माझ्या गॅरेजात आली.

चाकाचा कल बदलायचा तर साधी वाट म्हणजे चाक धरणाऱ्या आधाराच्या मागं पातळ पत्रे घालायचे. पण शर्यतीच्या गाडीला कल सारखा बदलावा लागतो, दर वेळी सगळं उघडत कोण बसणार? सिद्धारामकडं विलायती कॅटलॉग होता. त्यात एक बोल्ट होता, मधला भाग मुद्दाम एका अंगाला सरकवून लेथवर कातलेला. तो फिरवला की चाक आत-बाहेर कलतं. मला तोच पटला. तसा कातून देणारा माणूस सोलापुरात एकच, नागनाथ.

नागनाथ गिरणीच्या वर्कशॉपात लेथवर हात बसवून बाहेर पडलेला. आता स्वतःचा जुना लेथ घेऊन शेडमध्ये बसायचा. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा. तरी मी त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला अण्णा म्हणायचा. आमचं लिंगायतांचं घर, त्याची वस्ती बौद्धांची. हे असंच चालत आलेलं, मला त्यात कधी काही वावगं दिसलं नाही.

त्यानं कॅटलॉगमधलं चित्र बराच वेळ पाहिलं. “बाजारातलं लोखंड नको, अण्णा. ट्रकच्या जुन्या आक्सलचं घिऊ. लई चिवट असतंय. आन् डोक्यावर खुणा पाडतो, म्हंजी दोनी बाजूला सारकंच फिरवता येतंय.”

बोल्ट सुरेख झाले. मी बसवले, दोन्ही बाजूंना तिसऱ्या खुणेवर आणले आणि चाकांना ओळंबा लावला. डाव्या आणि उजव्या चाकाच्या कलात दोन सुतांचा फरक. म्हणजे पाव इंच. उजवा बोल्ट पुढं फिरवून ओळंब्यावर सारखं करून घेतलं, तर रस्त्यावर गाडी डावीकडं ओढायला लागली. सिद्धाराम म्हणाला, “अण्णा, शर्यत नुसती गोल न्हाय, सरळ बी पळावं लागतंय की.” गॅरेजातले सगळे हसले. मला हसलेलं सहन होत नाही. राग माझ्या नाकावरच असतो.

नागनाथकडून बोल्ट दुसऱ्यांदा करून घेतले.  पुन्हा तोच फरक. दुसऱ्या दिवशी तो स्वतः गॅरेजात आला, गाडीभोवती फिरला, खाली बसून काहीतरी पाहिलं. “अण्णा, एक सांगू का,” एवढंच म्हणाला. सिद्धाराम होता, शेजारच्या गॅरेजांतले तिघं-चौघं होते. मी त्याचे चारही बोल्ट त्याच्या पायापाशी फेकले आणि ओरडलो, “तू काय सांगतोस? तुमच्या लोकांच्या हातात लेथ दिला की असंच व्हायचं!”

नागनाथनं बोल्ट उचलून माझ्या भंगाराच्या डब्यात नीट ठेवले आणि निघून गेला. मला तेव्हा लाज वाटली नाही. उलट जरा मोकळं वाटलं, हे आज सांगायलाही तोंड नाही.

मग मी पुण्याहून बोल्ट करून आणले. तेही तिसऱ्या खुणेवर दोन सुतांनीच चुकले. हे मी कुणाला सांगितलं नाही.

खंडेनवमीला बायकोनं, जगदेवीनं, गॅरेज धुवायला काढलं. पाने, हातोड्या, ओळंबा, सगळं पाटावर मांडून हळदकुंकू लावलेलं. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. गाडी तशीच आडवी उभी होती. जगदेवीनं डाव्या चाकापाशी बादली उपडी केली आणि पाणी सरळ उजव्या चाकाखालून मोरीकडं पळालं.

 फरशीला उतार होता. पाणी साचू नये म्हणून वडिलांनी मुद्दाम ठेवलेला. मी आजवर दोरीनं चाकांची दिशा बघायचो, त्याला उतारानं काही बिघडत नाही. ओळंबा लावून कल मोजायचं काम हे पहिलंच. ओळंबा सरळच लटकणार, गाडी मात्र उजवीकडं झुकलेली, आणि मी दोष बोल्टाला देत होतो.

तेव्हाच उठून नागनाथकडं जायला हवं होतं. गेलो नाही. हत्यारं पाटावर आहेत, मोजल्याशिवाय पक्कं कसं म्हणायचं, अशी स्वतःची समजूत घातली. दसऱ्यानंतर उजव्या चाकांखाली पत्रे सारून, पाण्याच्या नळीनं पातळी मिळवून, डब्यातले बोल्ट बसवले. तिसरी खूण. ओळंबा लावला. केसभरही फरक नाही.

शेडमध्ये नागनाथ लेथ बंद करून बसला होता. माझं बोलणं पेठेत पसरलं होतं. दोन गॅरेजांनी त्याचं काम थांबवलं होतं. मी फरशीचं सांगितलं.

“मला ठावं हाय,” तो म्हणाला. “त्या दिवशी तेच सांगाय आलतो. खाली बसलो तवाच उतार दिसला.”

“चुकलो रे मी.”

“हितं नको. जितं बोललात तितं बोला. तीच माणसं असू द्या.”

मी कबूल केलं. खरंच मनापासून केलं.

गाडी न्यायला सिद्धाराम आला त्या दिवशी शेजारच्यांना बोलावलं. नागनाथ धुतलेला सदरा घालून आला, दाराशी उभा राहिला. मी फरशीची हकीकत रंगवून सांगितली. वडिलांची मोरी, जगदेवीची बादली, माझं डोकं. बोल्ट पहिल्यापासून बिनचूक होते, नागनाथसारखा कारागीर नाही, हेही म्हणालो. लोक पोट धरून हसले. सिद्धाराम म्हणाला, “मग शर्यतीला फरशी बी घिऊन जाऊ काय?” मीही हसलो. इतकं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं.

नागनाथ हसला नाही. हसणं थांबेपर्यंत थांबला. “हे बोल्टाचं झालं, अण्णा.”

 तो कशासाठी उभा आहे ते मला कळत होतं. सकाळपासून वाक्य तयार होतं: नागनाथ, मी तुझ्या जातीवर गेलो, मला माफ कर. पण ते माझ्याच लोकांसमोर, मोठ्यानं म्हणायचं होतं. सगळे माझ्याकडं बघत होते.  लाजेनं कान तापले, तरी ती लाज त्याच्यापुढची होती की त्यांच्यापुढची, हे मलाच सांगता येईना.

“चहा सांगतो,” मी म्हणालो.

 नागनाथ दारातून निघून गेला. मी हाक मारली नाही.

सिद्धारामनं गाडीत बसत विचारलं, “आनिक काय म्हनत होता ओ तो?”

“काही नाही,” मी म्हणालो. “बोल्टाचंच.”