अलंकार नसलेली ओळ

प्रवेशपरीक्षेचे प्रश्न काढणाऱ्यांना परीक्षा संपेपर्यंत कोंडूनच ठेवतात. भाषेची शिक्षिका प्यो इनसुक डोंगरातल्या त्या विश्रामगृहात एकतिसावा दिवस काढत होती. फोन जमा, खिडक्यांना कागद, कचऱ्याच्या पिशव्यासुद्धा पहारेकरी उघडून बघत. कुठे होतो हे पुढेही कुणाला सांगणार नाही, अशी सही सगळ्यांकडून घेतलेली.

त्या आठवड्यात प्रमुख नामगुंगसरांशी तिचं एका प्रश्नावरून वाजलं. कवितेच्या पाच ओळींतून अलंकार नसलेली ओळ ओळखायची होती. तिसरी ओळ होती, 'पाण्याने वडिलांना ठेवून घेतलं.' सर म्हणत, ही उघड चेतनगुणोक्ती, पाणी माणसासारखं वागतंय. इनसुक कोळ्यांच्या गावात वाढलेली. तिचं म्हणणं, आमच्याकडे माणूस बुडाला की असंच बोलतात, यात अलंकार कसला? किनाऱ्यावरची पोरं हीच ओळ निवडतील आणि त्यांचे गुण जातील. मतं घेतली, ती एकटी पडली.

दुसऱ्या सकाळी निरोप आला, तिचे वडील गेले. अंथरुणातच गेले होते. सहा तासांची सुट्टी मिळाली, सोबत एक पहारेकरी.

बंदरावरच्या दवाखान्यात, अंत्यदर्शनाच्या खोलीत तिने वडिलांच्या फोटोसमोर दोनदा दंडवत घातला.

"महिनाभर तुझं नाव घेत होते," आई म्हणाली. "कुठे होतीस?"

"कामावर."

"असलं कसलं गं काम?"

पहारेकरी पाठीशीच उभा होता. आईला तो शाळेतला कुणी वाटला. तिने त्याला बसवून तिखट रस्सा-भात वाढला, त्याने मान खाली घालून खाल्ला. निघताना, दफनापर्यंत तरी थांब म्हणून आईने इनसुकची बाही धरली. एकेक बोट सोडवावं लागलं.

परतल्यावर नामगुंगसर दारातच भेटले. "प्योबाई, तो प्रश्न काढून टाकला," ते म्हणाले. त्यांच्याबरोबरच कोंडलेल्या स्वयंपाकीणबाईंना त्यांनी ती ओळ सहज बोलून दाखवली होती. बाईंनी डाव खाली ठेवून विचारलं होतं, कुणाचे वडील बुडाले?

इनसुकला हायसं वाटलं नाही. नवा प्रश्न तिलाच काढायचा होता, दोन दिवसांत. तिने तो काढला. मग न्हाणीघरात नळ सोडून रडून घेतलं.

परीक्षेच्या संध्याकाळी दार उघडलं, तशी ती थेट आईकडे गेली. बापाच्या दफनाला लेक का नव्हती, याची उत्तरं देऊन आई थकली होती.

"परदेशी गेलीय म्हणून सांगितलंय सगळ्यांना," ती म्हणाली. "कुठला देश ते तूच ठरव."