डोळ्याखालचा भोवरा

आश्रुबाचा अंगठा अख्ख्या केज तालुक्याला ठाऊक. कालवड समोर आली की तो आधी तिला लांबून चालवून बघायचा, मग अंगठा पाठीच्या कण्यावरून सावकाश फिरवायचा. कमरेचा चौक किती रुंद, कातडी किती पातळ, चारी सड सारख्या अंतरावर आहेत का, सगळं त्या अंगठ्याला कळायचं. मग म्हणायचा, "ठेवा." नाहीतर, "न्या." संपलं! त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

बहात्तरच्या दुष्काळात युसूफ वडगावच्या दूध संघानं ठरवलं की लाल कंधारी जातीच्या बारा कालवडी संघाच्या छावणीत जगवायच्या. कारखान्याकडून उसाच्या शेंड्यांचं वाढं चाऱ्याला येणार होतं, ते बारांनाच पुरणार होतं. पाऊस झाला की त्यांच्याच पोटी गावाची गुरं पुन्हा उभी राहतील, हा हिशेब. चेअरमन भगवानराव म्हणाले, "निवड आश्रुबा करील. त्याच्याफुडं कुनी तोंड उघडत न्हाई." निवडीला कालवडी आल्या साठ. उरलेल्या अठ्ठेचाळीस जणींचं काय, ते सगळ्यांना कळत होतं.

एरवी निवडीला जनावर धुऊन, शिंगं घासून आणायची रीत. त्या साली घराला दोन हंडे पाणी, गुरं कोण धुतंय? कालवडी आल्या त्या मातीतून उकरून काढल्यासारख्या.

अकरा ठरल्या. बाराव्या जागेसाठी सुंदरबाई आपली कालवड घेऊन पुढं आली. सुंदरबाई म्हणजे आश्रुबाची धाकटी बहीण, गावातच दिलेली. नवरा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेला, तीही रोज जायची. या कालवडीची आजी आश्रुबानंच तिला लग्नात आंदण दिली होती, आणि त्या वंशातली आता ही एकटीच उरली होती.

कालवड चालली आणि आश्रुबाचं काळीज सुपाएवढं झालं. पाठ कशी दोरी धरल्यासारखी सरळ! मागचा चौक ऐसपैस, पाय चारी कोपऱ्यांना भक्कम. बरगड्या मोजून घ्याव्यात इतकी वाळली होती, पण बांधा काही लपत नव्हता. सगळ्या साठांत तिच्या तोडीची एक नव्हती. अन् तेवढ्यात त्याची नजर तिच्या डाव्या डोळ्याखाली गेली. केसांचा वाटोळा भोवरा.

डोळ्याखाली भोवरा म्हणजे खोड. असं जनावर ज्याच्या दावणीला, त्याच्या घरी रडारड. अशा गाईचं वासरू कुणी फुकटसुद्धा नेत नाही. नीट बघायला त्यानं अंगठा पुढं केला.

"बघा हां मामा!" मागून गावातलाच तरणा बिभीषण खाकरला. रांगेत हिच्यामागं त्याचीच कालवड होती. "घरचं जनावर हाय. डोळं झाकूनच पास हुईल की!"

लोक खदखदून हसले. ते हसू आश्रुबाच्या डोक्यात गेलं. चाळीस वर्षांचं नाव, अन् हे कालचं पोर शिकवणार? त्यानं हात मागं घेतला.

"दादा, हात तर लाव," सुंदरबाई म्हणाली. "काहून असं लांबूनच बघाया लागलास?"

"खोड हाय. न्या."

सुंदरबाईनं वाकून बघितलं आणि तिचं तोंडच उतरलं. ती अंधारात कामाला जायची, अंधारात यायची. हे आजवर आपल्याला दिसलं कसं नाही, तिला कळेना. पण दादाची नजर चुकेल कशी? तिनं कासरा ओढला आणि निघाली. बारावी जागा बिभीषणच्या कालवडीला गेली, तिचा चौक अरुंद होता तरी.

खोडीची म्हणून बाजारात तिच्याकडं कुणी ढुंकूनही बघितलं नाही. सुंदरबाईनं घरावरचं पाचट उपसून तिला घातलं. निम्मं छप्पर कालवडीनं खाल्लं. दीड महिन्यानं एका सकाळी निरोप आला, आणि आश्रुबा धापा टाकत पोचला तेव्हा कालवड दारात मरून पडली होती.

मेलेल्या गुराचं तोंड धुऊन, हळदकुंकू लावून मगच त्याला दारातून हलवायचं, ही त्यांच्याकडची रीत. हंड्याच्या तळाचं पाणी सुंदरबाईनं तांब्यात घेतलं. ओला पदर कालवडीच्या तोंडावरून फिरवला. डाव्या डोळ्याखालून चिखल निघाला. खालचे केस निघाले सरळ, मऊ, तांबूस.

दोघंही बघतच राहिले.

आश्रुबा गुडघ्यावर बसला. त्यानं अंगठा फिरवला, वर, खाली, पुन्हा वर. भोवरा नव्हताच. उपाशी जनावराचे डोळे गळत राहिले, त्यात फुफाटा बसला आणि केस वळून चिकटले होते.

"सुंदरे, मी मारली गं हिला! लोकांच्या हसण्याला भ्यालो," म्हणून म्हातारा ढसाढसा रडला.

सुंदरबाई रडली नाही. तिनं कालवडीच्या कपाळाला कुंकू लावलं.

"पानी नव्हतं, दादा, खरं हाय," ती म्हणाली. "पर थुकी लावून आंगठा फिरवला असतास, तरी निघालं असतं रं."

तांब्यात दोन घोट उरले होते. ते तिनं भावापुढं धरले. त्याच्यानं हात पुढं करवला नाही.