बेचाळीसचं भोक

बंगळुरातल्या पीण्या औद्योगिक वसाहतीत आमच्या पंपाच्या कारखान्यात अठ्ठ्याण्णव साली कॉम्प्युटर आले आणि माझी झोप उडाली. मी जयसिंगराव, बावीस वर्षं ड्रॉइंग बोर्डापुढे उभा राहिलेला माणूस. मालक रघुपतींनी आम्हा सहा जणांना सरळ सांगून टाकलं होतं, दसऱ्यापर्यंत ज्याला हे जमणार नाही त्याने घर गाठावं. माझ्या दोन लेकी कॉलेजात. भीती वाटली, खोटं कशाला बोलू?

शिकवायला पुण्याच्या एका कंपनीकडून भार्गवी आली. चोवीस वर्षांची पोर, पण जीव तोडून शिकवायची. एकच गोष्ट दहादा विचारली तरी चिडायची नाही. आमचं जमलं तरच तिचीही नोकरी पक्की होणार होती, तिनेच डबा खाताना सांगितलेलं.

पहिला नमुना माझ्याकडे आला. पंपाचं झाकण, मधे पंचेचाळीस मिलिमीटरचं भोक. चित्र पुरं झालं आणि वरून निरोप, भोक बेचाळीसचं करा. कागदावर आम्ही काय करायचो? जुना आकडा खोडायचा, नवा लिहून खाली रेघ मारायची. चित्र कसंही असो, कारागीर आकडाच मानायचा. स्क्रीनवरही मी तेच केलं. आकडा तेवढा बदलला आणि इथल्या कानडीत म्हणतात तसं सरी, झालं म्हणून चहाला गेलो.

फाइल थेट मशीनला गेली, आणि मशीन मेलं कुठलं आकडे वाचतंय! त्याने चित्राप्रमाणे पंचेचाळीसचंच पाडलं. गिऱ्हाइकासमोर शाफ्ट आत खुळखुळला.

रघुपती तडक आमच्या खोलीत आले. हे कुणी केलं, म्हणाले. भार्गवीने फाइल उघडून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं.

"सर, चूक माझी आहे," ती म्हणाली. "नुसता आकडा बदलून चित्र बदलत नाही, हे मी शिकवायला हवं होतं."

बोल की गाढवा, मी स्वतःला म्हणत होतो. बोललो नाही.

रघुपतींनी तिथूनच पुण्याला तिच्या कंपनीत फोन लावला, हिला परत बोलवा. दुपारी तिने बॅग भरली. "येते काका," म्हणाली आणि गेली. मग रघुपती मला म्हणाले, तुम्ही सगळ्यांत जुने, उद्यापासून बाकीच्यांना तुम्हीच शिकवा. मी मान डोलावली.

आकडा बदलून चित्र बदलत नाही, हे तिने दोनदा शिकवलं होतं. माझ्या वहीत, तिच्याच अक्षरात आहे. ती वही मी ड्रॉवरमध्ये कुलूप लावून ठेवली, आणि उद्या कुणी मागितली तर काय सांगायचं ते जुळवत बसलो.